ट्रेलरच्या पोटाखालच्या वायरी कशा तपासायच्या, कशा बांधायच्या

मिशिगनमधल्या स्लीपिंग बेअर ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांहून घरी परतताना, कॅडिलॅक गाव मागे पडल्यावर, ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरच्या (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर शॉर्टचा इशारा आला. लगेच गेला. रस्त्याच्या सांध्यावर चाक आपटलं की पुन्हा यायचा. पुढच्या रेस्ट एरियात गाडी घेतली आणि मागे जोडलेल्या ट्रेलरखाली, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराखाली, टॉर्च मारला. मागच्या ॲक्सलच्या नळीत वायर जिथून शिरते त्या भोकाशी ब्रेकच्या निळ्या वायरचं कव्हर अर्ध्या बोटाएवढं घासून गेलं होतं आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. ॲक्सल हलला की ते तांबं नळीच्या काठाला टेकायचं. मागे तीन टनांचा ट्रेलर, त्याचे ब्रेक मधूनमधून गायब, आणि मागच्या सीटवर दोन्ही मुलं झोपलेली. उरलेला रस्ता मी उजव्या लेनमधून, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून, हळूहळू कापला.

तेव्हापासून दर वर्षी बर्फ वितळला की एक शनिवार मी ट्रेलरखाली घालवतो. आमच्या मिशिगनमधल्या मराठी मंडळींपैकी पाच-सहा जणांच्या ट्रेलरखालीही शिरून झालं आहे. सगळीकडे एकच दिसलं: विजेच्या दोषाने जळालेली वायर क्वचित सापडते, घासून आणि लोंबकळून मेलेली वायर मात्र प्रत्येक ट्रेलरखाली. त्यामुळे हे काम ऐकायला विजेचं वाटलं तरी बरंचसं बांधाबांधीचं आहे. कुठलीही वायर लोखंडाला घासू नये, कुठलीही लोंबू नये आणि कुठल्याही जोडात पाणी शिरू नये, एवढ्यासाठी पुढचा सगळा खटाटोप.

इथले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत बनतात. आतलं लाकूडकाम, पडदे, ओटा गिऱ्हाईक हात लावून बघतं. खाली कोणी वाकत नाही. म्हणून नवा कोरा ट्रेलरसुद्धा खालून तपासून घ्या.

रंगांनी फसू नका

वायरला हात लावण्याआधी हे वाचाच. भारतात घरच्या वायरिंगची थोडीफार कामं केलेल्या माणसाला इथे खरा धोका आहे.

ट्रेलरमध्ये दोन वेगळ्या विजा असतात. एक बॅटरीची, १२ व्होल्टची डीसी: दिवे, पाण्याचा पंप, ब्रेक, स्लाइड-आउटची (ट्रेलरच्या बाहेर सरकणाऱ्या भागाची) मोटर, टाक्यांचे सेन्सर. दुसरी कॅम्पग्राउंडच्या खांबावरून येणारी १२० व्होल्टची एसी: एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह, भिंतीतले प्लग. दोन्ही एकाच सांगाड्याखालून, कधी कधी एकाच भोकातून जातात.

आपल्याकडे घरात लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी वायर फेज असते, पांढरी न्यूट्रल, आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थ. काळी बघून ‘ही तर न्यूट्रल’ म्हणत हात घातलात तर जिवावर बेतेल. त्यातून ‘१२०च तर आहे, आपल्या २३०च्या निम्मी’ असंही काही जण म्हणतात. ओल्या जमिनीवर उताणं पडून, एक हात लोखंडी सांगाड्याला टेकवून काम करणाऱ्याला १२० व्होल्ट मारायला पुरेसे आहेत.

१२ व्होल्टच्या बाजूलाही गोंधळ तयारच. आपल्याकडच्या गाड्यांमध्ये काळी म्हणजे निगेटिव्ह. इथल्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या, ट्रकला जोडायच्या सात पिनांच्या प्लगला जोडलेल्या केबलमध्ये काळी बहुधा बॅटरीची पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. निळी ब्रेकची, हिरवी टेललाइटची, लाल डाव्या आणि तपकिरी उजव्या इंडिकेटरची, पिवळी रिव्हर्सची. पण बोटींचे आणि सामानाचे साधे ट्रेलर दुसरी पद्धत पाळतात: तिथे टेललाइट तपकिरी, डावा इंडिकेटर पिवळा, उजवा हिरवा. आधीच्या मालकाने दुरुस्तीला दुकानातली साध्या ट्रेलरची केबल वापरली असेल, तर तुमच्या ट्रेलरखाली दोन्ही पद्धती एकमेकींना जोडलेल्या सापडतील. एका मित्राच्या ट्रेलरखाली हिरवीला तपकिरी आणि लालला पिवळी जोडलेली होती. जोड बरोबर होते, दिसायला चुकीचे. त्याने ‘दुरुस्त’ केले आणि सगळे दिवे उलटे लागायला लागले.

म्हणून रंग हा अंदाज समजा. खात्री मल्टीमीटरनेच करा.

सामान

मल्टीमीटर हवाच. शक्य असेल तर वायरभोवती नुसता अडकवून डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटरही घ्या. घेताना नीट बघा, कारण स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. न टेकवता १२० व्होल्टची वीज दाखवणारा पेनासारखा टेस्टर, जोड दाबून बसवायचा रॅचेटचा क्रिम्पिंग चिमटा, वायर सोलायचा चिमटा, हीट गन. दोन वायरींची टोकं जोडणारे, तापवल्यावर आवळणारे आणि आत गोंद असलेले हीट श्रिंकचे बट कनेक्टर, वायर सांगाड्याला धरून ठेवणारे, रबराचं अस्तर असलेले पी-क्लॅम्प, लोखंडातल्या भोकाच्या काठावर बसवायच्या रबरी कड्या, म्हणजे ग्रोमेट, चिरलेली काळी नालीदार नळी, जिला इथे स्प्लिट लूम म्हणतात, आणि उन्हाने न तडकणारे काळे झिप टाय. वायर घ्यायची तर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, बोटींसाठी मिळते ती. थोडी महाग पडते, पण इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि साधं तांबं त्या मिठात फार टिकत नाही.

वायरची जाडी इथे गेजमध्ये सांगतात, आणि आकडा जितका लहान तितकी वायर जाड. आपल्या ‘स्क्वेअर’च्या हिशेबात १४ गेज म्हणजे साधारण २.१ चौरस मिलिमीटर, १२ गेज ३.३ आणि १० गेज ५.३.

खाली शिरण्यापूर्वी

ट्रेलर सपाट, पक्क्या जमिनीवर उभा करा. ट्रकला जोडलेला राहू द्या, ट्रकचा हँडब्रेक ओढा, पण सात पिनांचा प्लग काढा, कारण त्यातून ट्रकच्या बॅटरीची वीज येते. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. इथे पिवळ्या प्लास्टिकचे चॉक मिळतात, ते चालतात. कोपऱ्यांवरचे स्टॅबिलायझर जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, वजन पेलायला नव्हे. जागा कमी पडत असेल तर एका बाजूची चाकं लाकडी फळ्यांवर चढवा. जॅकने उचलायचाच असेल तर सांगाड्याच्या मुख्य तुळईखाली उचला, ॲक्सलच्या नळीखाली कधीच नाही, आणि जॅक स्टँड लावल्याशिवाय अंग आत घालू नका.

मग वीज बंद करा, या क्रमाने. कॅम्पग्राउंडची किंवा घरची केबल काढा. जनरेटर असेल तर बंद. इन्व्हर्टर बंद. छतावर सोलर असेल तर पॅनेलची जोडणी आधी तोडा, बॅटरीची नंतर. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नुसता बॅटरीचा कट-ऑफ स्विच फिरवून भागत नाही, कारण आपत्कालीन ब्रेकच्या स्विचला (ट्रेलर ट्रकपासून सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या) वीज त्या कट-ऑफच्या आधीच दिलेली असते, आणि तशीच असायला हवी. गॅसच्या सिलिंडरचे व्हॉल्व्हही बंद करा. गॅसची नळी वायरींच्या शेजारूनच जाते आणि तुम्ही तिथे हीट गन चालवणार आहात.

डोळ्यांवर गॉगल घाला. खाली पडून वर बघताना गंजाचे कण सरळ डोळ्यात येतात. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. उंदरांपासून हंटाव्हायरसचा संसर्ग होऊ शकतो. ब्लीचच्या पाण्याने भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि हातमोजे घालून पुसून काढा.

पहिली फेरी: फक्त बघा

पहिल्या फेरीत पक्कड हातात घेऊ नका. मोबाईल, टॉर्च आणि दोन रंगांची चिकटपट्टी एवढंच घ्या. दिसला दोष की लाव टेप, काढ फोटो, सरक पुढे. एक दोष दिसला की तो लगेच निस्तरायचा मोह होतो, आणि मग त्याच्या पलीकडे चार फुटांवरचा मोठा दोष नजरेतून निसटतो. मी लाल टेप ‘हे झाल्याशिवाय ट्रेलर हलवायचा नाही’ यासाठी वापरतो आणि पिवळी ‘आज-उद्या करू’ यासाठी.

हिचकडच्या, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतात त्या टोकाच्या, लोखंडी त्रिकोणापासून सुरुवात करा. सात पिनांची केबल वळताना ताणली जाते का, आणि सरळ चालताना इतकी सैल पडते का की डांबराला घासेल, दोन्ही बघा. केबलचं टोक खरवडलेलं असेल तर ती नक्की घासते आहे. प्लगच्या पिना हिरव्या-पांढऱ्या झाल्यात का? त्रिकोणावर जोडांचा डबा असेल तर झाकण उघडा. बऱ्याच डब्यांत पाणी आणि कोळ्याची जाळी निघते. बॅटरीजवळ सांगाड्यावर छोटे आपोआप पूर्ववत होणारे सर्किट ब्रेकर बसवलेले असतात. त्यांचे उघडे खिळे रबरी टोपीने झाकलेले हवेत. त्यावर पाना पडला तर ठिणगी उडते, आणि सिलिंडर तिथेच असतात.

पुढे सांगाड्याच्या आडव्या पट्ट्या. वायर जिथे जिथे लोखंडातल्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट आहे का, बोट फिरवून बघा. ग्रोमेट नसेल तर वायर हलकेच बाजूला करून भोकाला टेकणारी तिची खालची बाजू बघा. घासलेली जागा नेमकी तिथे असते, आणि समोरून ती दिसत नाही.

चाकांच्या वरचा भाग नीट बघा. ट्रेलरचा टायर फुटला की त्याचा पट्टा सुटून गरगर फिरतो आणि वरचं सगळं फाडतो: वायरी, पत्रा, कधी गॅसची नळीसुद्धा. टायर फुटून गेला असेल, तर ‘टायर बदलला, झालं’ असं समजू नका. चाकाच्या वर गेलेली वायर तिथून उचलून तुळईच्या आतल्या बाजूला नेणं हा मला कायमचा उपाय वाटतो.

स्लाइड-आउटखालच्या वायरी स्लाइडबरोबर आत-बाहेर सरकतात. त्यांचा झोळ मोकळा हवा, पण स्लाइड आत गेल्यावर तो कुठे चिमटीत सापडायला नको. हे एकट्याने कळत नाही. वीज चालू असताना एकाने आतून स्लाइड हलवायची आणि दुसऱ्याने बाहेर, बाजूला उभं राहून बघायचं. त्या वेळी खाली कोणीही नको.

पोट काळ्या नालीदार प्लास्टिकच्या पत्र्याने बंद असेल तर सगळा पत्रा उतरवू नका. एका बाजूचे स्क्रू काढून तो दारासारखा लोंबू द्या. आधी हाताने चाचपा. कुठे पोट फुगलेलं असेल तर आत पाणी साचलेलं असतं. अशा जागेखाली तोंड करून स्क्रू काढू नका.

निळी वायर

दिवसभरात एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

ट्रेलरच्या प्रत्येक ब्रेकमध्ये विजेचं चुंबक असतं. १० किंवा १२ इंचांच्या ड्रममधलं एक चुंबक साधारण ३ अँपिअर खातं. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला चार ब्रेक, म्हणजे निळ्या वायरमधून १२ अँपिअर. ही वायर ट्रेलरच्या तोंडापासून ॲक्सलपर्यंत आठेक मीटर असली आणि १४ गेजची असली, तर जाण्यात जवळपास ०.८ व्होल्ट वाटेतच जिरतात. परतीची पांढरी वायर तेवढीच असेल तर आणखी ०.८. तीच वायर १० गेजची असेल तर जायचे-यायचे मिळून ०.६ व्होल्टच्या आसपास. ब्रेक किती जोरात धरतील ते चुंबकाला पोचणाऱ्या व्होल्टवर ठरतं. त्यामुळे निळी वायर बदलायची वेळ आली तर मी १० गेजच टाकतो.

दुखणं बहुतेक वेळा ॲक्सलच्या नळीत असतं. कारखान्यात एका बाजूच्या ब्रेककडून दुसऱ्या बाजूला वायर नेताना ती पोकळ नळीतून ओवतात. आत तिला कुठेच आधार नसतो. हजारो मैल ती नळीत उडत राहते आणि भोकाच्या धारेवर चिरत जाते. माझी वायर तिथेच गेली होती.

तपासणी अशी. प्लग काढलेला, बॅटरी तोडलेली. मल्टीमीटर ओहमवर ठेवा, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा आणि जो आकडा येईल तो लक्षात ठेवा. तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा आहे, नंतर वजा करायचा. मग ट्रेलरच्या प्लगमधली ब्रेकची पिन आणि पांढऱ्या वायरची पिन यांत मोजा. एका चुंबकाचा रोध ३ ते ४ ओहम, आणि चारही समांतर जोडलेले, म्हणून चारांचा मिळून एक ओहमच्या आसपास यायला हवा. दोन ब्रेक असतील तर दोनच्या जवळपास. आकडा आलाच नाही तर वायर किंवा अर्थ तुटलेली. जवळजवळ शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट. मोजता मोजता कोणाला तरी ॲक्सलजवळच्या वायरी हलवायला सांगा. आकडा नाचला की जागा सापडली.

याहून खात्रीची पद्धत क्लॅम्प मीटरची. सगळं परत जोडून, ट्रेलरच्या तोंडाशी निळ्या वायरभोवती क्लॅम्प लावा आणि ट्रकमध्ये बसलेल्या माणसाला कंट्रोलरचा हाताने चालवायचा खटका पूर्ण दाबून धरायला सांगा. आमच्याकडे हे काम बायको करते. मी ओरडतो ‘दाब’, ती दाबते. मी ओरडतो ‘सोड’, ती सोडते. चार ब्रेकांना १२ च्या आसपास अँपिअर दिसले पाहिजेत. ९ दिसले तर एक ब्रेक मेलेला, ६ दिसले तर दोन. साधा मल्टीमीटर मध्ये जोडून हे मोजू नका. त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअरची असते आणि आतला फ्यूज उडतो.

नळीतली वायर खराब निघाली तर तिला बाहेर ओढण्यात वेळ घालवू नका. दोन्ही टोकांना कापून ती आतच राहू द्या आणि नवी वायर लूममध्ये घालून नळीच्या मागच्या बाजूने बाहेरून न्या. पुढून नेली तर रस्त्यावरचे खडे तिच्यावर बसतात. एक गोष्ट मात्र विसरू नका. सांगाडा आणि ॲक्सल एकमेकांच्या संदर्भात हलतात, खड्ड्यात काही इंच वर-खाली होतात. सांगाड्यावरून ॲक्सलवर उतरणाऱ्या वायरीला तेवढा झोळ ठेवा, पण तो टायरला किंवा पाट्यांच्या स्प्रिंगला टेकणार नाही अशा बेताने. झोळ ठेवून झाला की बाजूला बसून चाकाकडे बघा आणि मनाशी ॲक्सल चार इंच वर उचला. वायर तेव्हा कुठे जाईल?

जोड कसा करायचा

खाली हमखास सापडणारे वाईट जोड तीन. निळा प्लास्टिकचा चावा जोड, जो वायरच्या कव्हरला चिरून आत पत्री घुसवतो; त्याच चिरेतून पाणीही आत जातं. पिळून बसवायची घरगुती टोपी, जी हादऱ्यांनी सुटते. आणि नुसतं पिळून वर काळी टेप, जिचा गोंद उन्हाळ्यात वितळतो. हे तिन्ही दिसले की कापून टाका.

आता वायर सोला. तांबं लखलखीत असेल तर ठीक. हिरवं किंवा काळं असेल तर आणखी दोन बोटं मागे कापा, पुन्हा सोला. हिरवेपणा कव्हरच्या आतून बराच मागे सरकलेला असतो. लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापत जा, आणि वायर तोकडी पडली तर मध्ये त्याच जाडीचा नवा तुकडा घाला. ताणून जोडू नका.

बट कनेक्टर जाडीप्रमाणे रंगाचे येतात: निळा १६ ते १४ गेजला, पिवळा १२ ते १० ला. वायरचं उघडं टोक कनेक्टरच्या आतल्या नळीच्या मध्यापर्यंत सारा, रॅचेटच्या चिमट्याने तो आपणहून सुटेपर्यंत दाबा. मग ओढून बघा. माझे सासरे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं होते. एका उन्हाळ्यात ते इथे आले असताना ट्रेलरशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी जोड करून हीट गन उचलली तसे म्हणाले, “जावईबापू, आधी ओढून बघा. सुटायचा असेल तर इथं सुटू दे, रस्त्यात नको.” ओढला, आणि एक खरंच निघून हातात आला. मी १६ गेजच्या वायरला पिवळा कनेक्टर लावला होता.

ओढून टिकला की हीट गनने मधून टोकांकडे तापवा. दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक मणी बाहेर दिसला की थांबा. मणी दिसला नाही तर जोड पाणबंद झालेला नाही. लायटर वापरू नका, आणि जवळ प्लास्टिकचा पत्रा असेल तर मध्ये लोखंडी पत्र्याचा तुकडा धरा.

सोल्डर करावं का, असं बरेच जण विचारतात. खाली मी करत नाही. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर एकदम ताठाची मऊ होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते.

बांधणं

आता वायरी एकत्र घेऊन लूममध्ये घाला. लूमची चीर खाली ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी वाहून जाईल. लूम म्हणजे धारेपासून संरक्षण नव्हे. लोखंडाच्या काठाशी ग्रोमेट हवंच. बसलेल्या वायरीला ग्रोमेट घालता येत नसेल तर ग्रोमेटला एक चीर द्या, वायरीवर चढवा आणि चीर वरच्या बाजूला ठेवा.

दर दीड फुटावर पी-क्लॅम्प लावा, आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक. क्लॅम्पने वायर धरली पाहिजे, आवळली नाही पाहिजे. हाताने ढकलल्यावर ती सरकू नये, पण कव्हर दबलेलं दिसू नये. नुसत्या झिप टायवर वजन टांगू नका. क्लॅम्पच्या मधल्या जागेत वायरी एकत्र ठेवायला ते ठीक आहेत.

स्क्रू मारण्यापूर्वी पलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय ड्रिल सुरू करू नका. टाकी, गॅसची नळी किंवा दुसरी वायर निघते. आधीपासूनची भोकं वापरा. नवीन पाडायचंच तर तुळईच्या उभ्या भागात पाडा, वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत नको, आणि भोकाच्या कडेला रंग लावा. गॅसच्या नळीला वायर बांधणं तर अजिबात नाही, कितीही सोयीचं दिसलं तरी. फर्नेस आणि पाण्याच्या हीटरच्या धुराड्यापासूनही वायर लांब न्या. वायर वरून खाली येऊन भोकात शिरत असेल तर भोकाच्या आधी तिला थोडी खाली लोंबवून मग वर वळवा. पाणी त्या खालच्या टोकाला थेंबथेंब पडतं, आत जात नाही.

वायर आत शिरते त्या भोकांत तांब्याची जाळी कोंबून बुजवा, म्हणजे उंदीर येणार नाहीत. पोटाचा पत्रा परत लावताना फाटलेल्या जागी त्यासाठीच मिळणारी रुंद चिकटपट्टी लावा. आधी जागा स्पिरिटने पुसा, नाहीतर पहिल्याच पावसात सुटते.

अर्थ

दिवे मंद, एक इंडिकेटर लावला की दुसराच लुकलुकतो, ब्रेक लावला की टेललाइट विझतो, असले विचित्र दोष आले तर आधी १२ व्होल्टची पांढरी वायर बघा. ती सांगाड्याला एका स्क्रूने जोडलेली असते आणि तो स्क्रू गंजतो. काढा, सांगाडा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, नवा रिंग टर्मिनल आणि दातेरी वॉशर घालून घट्ट करा, वर गंजरोधक रंग मारा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि यातून जितके दोष गेलेले मी पाहिलेत तितके दुसऱ्या कशाने नाहीत.

१२० व्होल्टची केबल खाली उघडी दिसली तर

चपटी, जाड प्लास्टिक आवरणाची, बऱ्याचदा पिवळी किंवा केशरी केबल ही घरात वापरतात तीच. ती कोरड्या जागेसाठी असते. ट्रेलरखाली ती उघडी लोंबत असेल तर तिथे पाणी, खडे आणि मीठ तिची वाट लावणारच. तिला पाइपातून न्यावं लागतं, आणि हे काम परवानाधारक आरव्ही (अशा राहायच्या गाड्यांच्या) तंत्रज्ञाकडून करून घ्या. तोपर्यंत ट्रेलर खांबाला जोडू नका.

ट्रेलर खांबाला जोडलेला असताना जमिनीवर उभं राहून दाराच्या दांडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर बाहेर असलेल्याने पुन्हा हात लावू नये आणि आत असलेल्यांनी आतच थांबावं. खांबावरचा ब्रेकर आधी पाडा, मग केबल काढा. जोडणी केल्यावर रोज एकदा पेनाचा टेस्टर ट्रेलरच्या पत्र्याजवळ धरायची सवय लावा. दोन सेकंद लागतात.

शेवटची चाचणी

बॅटरी जोडा. कुठलाही फ्यूज उडाला तर त्याच आकाराचा नवा घाला. तोही उडाला तर दोष शोधा. मोठा फ्यूज घालायचा नाही, कारण मग फ्यूजच्या जागी वायर जळते. १४ गेजला १५ अँपिअर, १२ गेजला २०, १० गेजला ३०, याच्या वर जाऊ नका.

आपत्कालीन ब्रेकचा स्विच तपासा. सात पिनांचा प्लग काढलेला ठेवूनच त्याची पिन खेचा, नाहीतर वीज उलटी कंट्रोलरमध्ये जाते. ट्रकने हळूच पुढे ओढा. ट्रेलरची चाकं धरलेली जाणवली पाहिजेत. लगेच पिन परत घाला, जास्त वेळ राहिली तर चुंबकं तापतात आणि बॅटरी उतरते.

मग प्लग लावून सगळे दिवे बघा आणि ब्रेकचे अँपिअर पुन्हा मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वसंतात तुलनेला तोच आकडा लागतो. वस्तीतल्या रस्त्यावर एक चक्कर मारा, मग हायवेवर पंचवीस मैल जाऊन थांबा आणि खाली वाकून प्रत्येक क्लॅम्पला हात लावा. माझा एक तरी क्लॅम्प पहिल्या पंचवीस मैलांत सैल होतोच, म्हणून पाना मी ट्रकच्या दाराच्या कप्प्यात ठेवतो.